मदत हवी आहे: फुप्फुसाच्या कॅन्सरवर केमो आणि रेडिएशन एकत्र की एकामागून एक?

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांना (वय 67, आम्ही सोलापूरचे) फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. नॉन-स्मॉल सेल प्रकारातला, स्क्वॅमस, स्टेज 3बी, म्हणजे बराच पुढे गेलेला. छातीच्या मधल्या लिम्फ नोडपर्यंत (गाठींपर्यंत) पोचल्यामुळे ऑपरेशन होणार नाही. पेट स्कॅन आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये बाकी कुठे काही नाही, हाच काय तो दिलासा.

पुढे काय करायचं, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. एक म्हणतात दोन्ही एकदमच सुरू करू: सोमवार ते शुक्रवार रेडिएशन, सहा आठवड्यांत 30 वेळा, एकूण 60 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप), आणि दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं. दुसरे म्हणतात वजन बरंच उतरलंय, शुगर आहे, झेपणार नाही, आधी केमो संपवू, मग रेडिएशन. अण्णा म्हणतात, "काय ते एकदाच होऊन जाऊ दे." आई मात्र घाबरलीय. मला अण्णा हवेत, पण त्यांचे हाल बघवणार नाहीत.

या वयात कुणाच्या घरी दोन्ही एकत्र झालंय का? गिळायचा त्रास कधी सुरू झाला, काय खाऊ घातलंत? रेडिएशन बार्शीला घ्यायचं तर रोज ये-जा जमेल का?

प्रतिसाद:

ताई, माझ्या सासऱ्यांचं एकत्रच झालं. नुसतं वय बघू नका, ते दिवसभर हिंडतात-फिरतात का, ते बघा. 2010 साली जुन्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात पाच वर्षांनी हयात असलेले एकामागून एक उपचारांत साधारण 11 टक्के, तर एकत्र उपचारांत 15 टक्के होते. पण अन्ननलिकेला गंभीर सूज येणारे 4 टक्क्यांवरून 18 वर गेले. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची काळजी खोटी नाही. फुप्फुसांची ताकद मोजणारी पीएफटी, किडनीचा रिपोर्ट आणि आहारतज्ज्ञ, हे तिन्ही आधी करून घ्या आणि मग त्यांनाच पुन्हा विचारा.

सासऱ्यांचा घसा तिसऱ्या आठवड्यात धरला. मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, गार दूध चाललं. तिखट पूर्ण बंद. रोज ये-जा करू नका, शेवटी थकवा फार येतो, जवळ खोली घ्या. 100.4 च्या वर ताप गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. उपचार संपल्यावरही काही महिने कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच दाखवा, रेडिएशनने फुप्फुसाला सूज येऊ शकते. ड्युरव्हॅलुमॅब ही वर्षभराची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) पुढे देणार का आणि खर्च किती, हेही आत्ताच विचारून ठेवा.