रोजचे कपडे: मिलानचं बरोबर की बर्लिनचं?

बोविसाकर (मूळ पोस्ट)

मी मिलानला मेकॅनिकलचं मास्टर्स करतेय, बोविसाच्या कॅम्पसला. मागचं विंटर सेमिस्टर एक्सचेंजवर बर्लिनला काढलं आणि परतताना कोपनहेगनला मैत्रिणीकडे आठ दिवस राहिले. म्हणजे एकाच हिवाळ्यात, त्याच एका बॅगेतले कपडे घालून तीन शहरांत वावरले, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती मांडते, पटली नाही तर खुशाल भांडा.

माझं म्हणणं असं की रोज नीट कपडे करून घराबाहेर पडायची मिलानची सवय इकडे शिकायला आलेल्या आपल्या पोरापोरींनी उचलावी, बर्लिनची "काय फरक पडतो" ही नाही. फॅशन वीक आणि मोंतेनापोलेओने रस्त्यावरच्या महागड्या दुकानांबद्दल बोलतच नाहीये, तिथे मी दोन वर्षांत रुमालसुद्धा घेतलेला नाही. मी बोलतेय ट्रॅममधल्या पंचाहत्तरीच्या आज्जीबद्दल, ज्या फक्त भाजी आणायला निघाल्यात पण कोट ब्रश केलेला, बूट पुसलेले, गळ्यात स्कार्फ नीट बांधलेला. इटालियनमध्ये याला बेल्ला फिगुरा म्हणतात, चारचौघांत नीट दिसणं आणि नीट वागणं दोन्ही त्यात आलं. माझी आजी साताऱ्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं असलं तरी घरातलं लुगडं बदलायची, "चार माणसांत जायचंय" म्हणायची. ते वाक्य मला इतक्या वर्षांनी मिलानच्या ट्रॅममध्ये आठवलं.

आणि इथे कपडे कमी असतात हो, पण मापाचे असतात. जवळपास प्रत्येक वस्तीत एखादी सार्तोरिया म्हणजे शिंप्याचं छोटं दुकान सापडतंच, तिथे पँटची उंची कमी करून घ्यायची, बाहीची शिवण आत घ्यायची, लोक खरंच हे करतात. ऋतू बदलला की कांबिओ दी स्तागिओने, म्हणजे अख्खं कपाट उलटंपालटं करून हिवाळ्याचे कपडे धुऊन वर ठेवायचे आणि उन्हाळ्याचे खाली काढायचे. एप्रिलात २४ डिग्री झालं तरी अर्धी ट्रॅम जॅकेटमध्ये असते कारण अजून ती वेळ आलेली नाही, हे मला आधी विचित्र वाटायचं, आता मीही तसंच करते.

बर्लिनला पहिला महिना फार मोकळं वाटलं हे कबूल करते. प्रोफेसर फ्लीस आणि सँडलमध्ये लेक्चर घेतायत, मेट्रोत कोणी काहीही घालून बसलंय. पण मग लक्षात आलं की काळं जॅकेट, काळी पँट, काळे बूट हा तिथला गणवेशच आहे, आणि दोन महिन्यांनी मीही कालचाच हूडी उचलून बाहेर पडायला लागले होते. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, त्यात कोणी बघत नाही म्हणून आपणही स्वतःकडे बघायचं सोडतो. मला ते चांगलं वाटलं नाही.

नॉयकोल्न मुक्कामी

पूर्ण असहमत, आणि जरा मनाला लागलंच म्हणून लांब लिहितोय.

तू ज्याला "स्वतःकडे बघायचं सोडणं" म्हणतेस ना त्यासाठी मी पुणं सोडून बर्लिनच्या नॉयकोल्न भागात आलोय. लहानपणापासून हे काय घातलंयस, हा रंग तुला शोभतो का, केस कापून ये, लग्नाला असा येणार का, हे ऐकतच वाढलो. इथे यू-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, एक माणूस रोज स्कर्ट आणि मोठे बूट घालून माझ्या समोर बसतो, चाळिशीचा असेल, पुस्तक वाचतो, उतरतो, कोणी मान वर करून बघत नाही. मला हे शहर कळलं ते त्या डब्यात. चार माणसांत जायचंय हे तुझ्या आजीचं वाक्य तुला गोड वाटतं, पण त्याच चार माणसांच्या धाकाने किती पोरींना काय काय घालता आलं नाही ते पण धर ना हिशोबात.

दुसरं म्हणजे पैसे. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायला लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ हातात. माझ्या खोलीचं भाडं ५८०, मग इन्शुरन्स, मग खाणं, आता सांग लोकरीचा मापाचा कोट यात कुठे बसवू. माझं जॅकेट फ्रांकफुर्टर टोरच्या हुमानामधलं आहे, कित्येक मजल्यांचं सेकंड हँडचं दुकान आहे ते, तीन हिवाळे झाले तेच घालतोय. काळं असल्यामुळे डाग दिसत नाहीत आणि सगळ्यावर चालतं. तू त्याला गणवेश म्हण, मला ती सोय आहे.

बोविसाकर

पैशांचं म्हणशील तर माझा कोट नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठावरच्या जुन्या बाजारातला आहे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरतो तो. १८ युरोला घेतला आणि १२ युरो देऊन सार्तोरियात खांदे आणि बाही बरोबर करून घेतली. तीसमध्ये झालं. म्हणून मी मापाचे म्हटलं, महागाचे नाही म्हटलं. धाकाचं मात्र खरं आहे तुझं, माझ्या आजीला ते लुगडं बदलायचं नसतं तर चाललं असतं का हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर बहुतेक नाही असंच आहे.

सायकल आणि पाऊस

कोपनहेगनहून लिहितेय, चार वर्षं झाली. तुम्ही दोघंही संस्कृती संस्कृती करताय, मला वाटतं निम्म्याहून जास्त भानगड वाहनाची आहे. मिलानमध्ये तुम्ही ट्रॅममध्ये उभे असता, लांब कोट मस्त पडतो अंगावर. इथे सकाळी आठला मी समोरून वारा खात सायकलवर असते, तोच कोट चाकात जातो. म्हणून इथे कमरेपर्यंतचं नाहीतर मांडीपर्यंतचं रेनकोटचं जॅकेट, वरून चढवायची रेनपँट, खाली पांढरे नाहीतर राखाडी स्नीकर्स. छत्री घेऊन चालणारा माणूस बहुतेक पाहुणा असतो कारण वाऱ्यापुढे ती टिकतच नाही. आत शिरलं की हीटिंग, त्यामुळे आतून साधा टीशर्ट, मधे पातळ लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं काहीतरी, हे तीन थर जमले की झालं. डॅनिश लोक साधे दिसतात म्हणून आपण कौतुक करतो पण तो स्वेटर हातात घेऊन बघा, लोकर चांगली असते आणि दहा वर्षं वापरतात.

आणि काळ्यावरून आठवलं, डिसेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळलेला असतो, सायकलला दिवे कायद्याने लागतातच, पण अंगावर सगळं काळं असलं की गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. दंडाला बांधायची चमकणारी पट्टी घ्या, प्लीज. माझ्या वर्गातली मुलगी अशीच गाडीवाल्याला न दिसल्यामुळे सायकलवरून पडलीय.

पॅरिसच्या तेराव्यातून

मला मूळ पोस्टमधली एक गोष्ट खटकली ती म्हणजे "मिलानचे लोक", "बर्लिनचे लोक" म्हणताना डोळ्यासमोर कोण आहे? ट्रॅममधली गोरी आज्जीच ना? मी पॅरिसला, तेराव्या वॉर्डात, आले तेव्हा मीही त्या सुप्रसिद्ध पॅरिसच्या बाईला शोधत होते, पट्ट्यापट्ट्यांचा टॉप, केस जरा विस्कटलेले, लिपस्टिक. दोन-चार भागांत दिसते ती. पण शनिवारी चार नंबरच्या मेट्रोने शातो रूजला उतरा, मालीच्या, सेनेगलच्या, आयव्हरी कोस्टच्या बायका मेणछापाच्या कापडाचे बुबू म्हणजे सैल पायघोळ झगे घालून बाजार करत असतात, डोक्याला त्याच कापडाचा फेटा, आणि त्यांच्याइतकं नीट कपडे केलेलं कोणी मला अख्ख्या शहरात दिसलेलं नाही. ती पण पॅरिसची रोजचीच फॅशन आहे.

तो पट्ट्यांचा टॉप १८५८ साली फ्रेंच नौदलाने खलाशांच्या गणवेशात आणला. व्हिंटेज दुकानात विद्यार्थी ज्याच्यावर उड्या मारतात ते निळं जॅकेट म्हणजे ब्ल्य द त्राव्हाय, कारखान्यातल्या कामगाराचा कपडा. कामगाराच्या अंगावर असताना त्याला कोणी फॅशन म्हणत नव्हतं. आणि नीट कपडे म्हणजे काय हे ठरवणाऱ्यांबद्दल बोलायचं तर याच शहरात १८०० साली पोलिसांनी हुकूम काढला होता की बाईला पुरुषाचे कपडे घालायचे तर परवानगी घ्यायला हवी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सूट दिली, हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल म्हणे. तो हुकूम आता निरर्थक आहे असं सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ मध्ये. म्हणून मला नॉयकोल्नचं पटतं.

सायकल आणि पाऊस

सायकलचं हँडल हातात असेल तर पँट चालेल!! हे मला माहीत नव्हतं, उद्या लॅबमध्ये सांगणार.

म्युनिकात सहा वर्षं

मला बोविसाकरची बाजू घ्यायचीय पण वेगळ्या कारणाने, आणि हे लिहिताना बरं वाटत नाहीये. "बर्लिनमध्ये कोणी बघत नाही" हे जर्मन पोरासाठी शंभर टक्के खरं आहे. मी सावळा, दाढी वाढलेली, जुनं जॅकेट घालून दुकानात शिरलो की दोन मिनिटांत सिक्युरिटीवाला त्याच रांगेत येऊन उभा राहतो. तोच मी, तेच दुकान, शर्ट आणि कोट घालून गेलो तर "कान इश हेल्फेन?" म्हणजे काही मदत करू का, असं विचारतात. हे मी सहा वर्षांत इतक्यांदा अनुभवलंय की आता घर बघायला जायचं असो की परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, मी इस्त्रीचा शर्ट घालतोच. कळकट दिसायची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही.

नॉयकोल्न मुक्कामी

हे वाचून जरा वेळ थांबलो. माझ्याशी पण झालंय हे, नाही म्हणणार नाही. पण मला विचारायचंय की कोट घातल्यावर थांबलं का ते? मी एका मित्राच्या लग्नाला सूट घालून चाललो होतो तर अख्ख्या डब्यात तिकीट फक्त मलाच मागितलं. चूक बघणाऱ्याची आहे आणि इस्त्री आपण करायची, हे मला मान्यच होत नाही. तू करतोस ते समजू शकतो, पण नवीन येणाऱ्या पोरांना हा सल्ला म्हणून देऊ नये.

म्युनिकात सहा वर्षं

थांबत नाही, कमी होतं. मला तेवढंही पुरतं, कारण मला रोज बाहेर पडायचंय. सल्ला मी देणारच, माझ्या धाकट्या भावाला पण हाच दिला.

बोविसाकर

मी हा मुद्दा लिहिलाच नव्हता पण मनात होता, ट्रॅममध्ये मीही बघते शेजारी बसणारी बाई पर्स दुसऱ्या बाजूला घेते का. कोट घातल्यापासून मी ते बघणं सोडलंय, तिचं माहीत नाही.

पॅरिसवाल्या ताईंना: बुबूचं मान्य, माझी नजर कोती होती. पण मग त्या बायका माझ्याच बाजूच्या झाल्या ना! त्या बाजाराला जाताना स्वतःचं, आपल्या गावचं, नीट कडक करून घालतायत. आपण का नाही घालत? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन वीकला प्रादा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, मग कंपनीनेही मान्य केलं की त्या भारतीय कारागिरांच्या चपलांवरूनच सुचल्यात. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. त्या आठवड्यात लॅबमधल्या मुलाने मला विचारलं की तुझ्याकडे आहे का खरी, आणि माझी जोडी दोन वर्षं बॅगेत कागदात गुंडाळून पडलेली. दुसऱ्या दिवशी घातली. जुलैभर घातली.

पॅरिसच्या तेराव्यातून

बाजू वगैरे नाही हं. त्या बायका कुणाला नीट दिसावं म्हणून घालत नाहीत, त्यांना आवडतं म्हणून घालतात असं मला वाटतं. पण चपलांचं फार आवडलं. फक्त पावसात घालू नकोस, ते कातडं पाणी पितं आणि मग तळवा फुगतो, माझी एक जोडी तशीच गेली.

सप्टेंबरला निघणार

सगळं वाचलं. मी इटलीतल्या तोरिनोला चाललोय, चेक-इनला ३० किलो आहे, घरचे पुण्यातूनच दोन जाड जॅकेटं आणि चार थर्मल घ्यायला लावतायत. काय करू?

सायकल आणि पाऊस

थर्मल दोन घे, जॅकेट एकही नको. आपल्याकडे मिळतं ते फुगीर असतं पण बरेचदा वारा आत येतो. तिकडे गेल्यावर घे.

नॉयकोल्न मुक्कामी

जॅकेट सेकंड हँड घे, रंग काळा. इस्त्री नेऊ नकोस, किलोभर वजन फुकट, त्यात गोडा मसाला बसेल.

बोविसाकर

मसाला ने, पण दोन सुती कुर्ते पण टाक, जुलै महिन्यात तिकडे भयंकर उकडतं. इटलीत हिवाळ्याचे सेल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागतात, तोवर स्वेटरवर स्वेटर घालून ढकल आणि मग कोट घे. बाही लांब वाटली तर दुकानात परत देऊ नकोस, शिंप्याकडे ने. इस्त्री तिकडे रूममेटकडे असतेच.