बूटलोडर यूएसबीने जातो, मग सिरियल पोर्ट कशाला?

आडवळण: नव्या बोर्डवरून सिरियलचा हेडर (वायर लावायच्या पिना) काढून टाकावा. ऑलविनरच्या चिपचा एफईएल मोड घ्या नाहीतर रॉकचिपचा मास्करॉम, बूट रॉमलाच, म्हणजे चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या पहिल्या प्रोग्रामलाच, यूएसबी येतं. केबल लावा, यू-बूट (कर्नल उठवणारा बूटलोडर) रॅममध्ये ढकला, विषय संपला. सिरियलच्या ११५२०० बॉड वेगाने १६ एमबीची इमेज पाठवायला चोवीस मिनिटं लागतात. कशासाठी?

जुना_खिळा: हे वाचून राहवेना. ढकललंत, पण पुढे काय झालं ते कोण सांगणार? एसपीएल (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा) चिपच्या आतल्या छोट्या एसरॅममध्ये उतरतो, बाहेरची रॅम चालू करायला जातो आणि टायमिंग चुकलं असेल तर तिथेच अडकतो. यूएसबीवर दिसतो नुसता टाइमआउट. आमच्याकडे एका लॉटमध्ये हेच झालं. सगळे केबली बदलत बसले होते. सिरियल लावल्यावर एसपीएलची ओळ आली, खाली 'डीरॅम:' (म्हणजे बाहेरची रॅम), आणि पुढे शांतता. पुरवठादाराने न कळवता रॅमची चिप बदलली होती.

लोडवाय: आणि १६ एमबी सिरियलने पाठवायला सांगितलंय कोणी? एएम३३५एक्स चिपचा रॉम सिरियलवर 'सीसीसी' छापत वाट बघतो. एक्समोडेमने (सिरियलवरून फाइल पाठवायची पद्धत) एसपीएल द्या, तो १०९ केबीच्या आतच असावा लागतो, म्हणजे दहा-बारा सेकंद. मग तशाच वायमोडेमने यू-बूट. कर्नल नेटवर्कवरून टीएफटीपीने नाहीतर यूएसबीवरून फास्टबूटने.

किटकिट: तुमचं सगळं खरं, पण त्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरांचं काय? जंपर ३.३ व्होल्टवर, तरी टीएक्सवर (पाठवायच्या पिनवर) ५ येतात. माझ्या बोर्डची आरएक्स (घ्यायची) पिन त्यातच गेली. वर नकली चिपा! २०१४मध्ये अडॅप्टरच्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा पीआयडी (यूएसबीवरचा ओळख क्रमांक) शून्य करून टाकला. ज्याने पैसे मोजले त्याचं अडॅप्टर मेलं, नक्कल करणारा मोकळा.

जुना_खिळा: दुसऱ्याचा आयडी चोरून चिप विकायची आणि ड्रायव्हर मात्र फुकट हवा? कंपनीने काय करायचं होतं?

किटकिट: ड्रायव्हरने नुसतं नाही म्हणायचं होतं! लोकांच्या वस्तूत लिहायचा हक्क कोणी दिला? चिपेवर छाप तीच, ओळखायचं कसं? ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतलाच ना?

लोडवाय: त्यांचा २०१६चा ड्रायव्हर त्याहून वाईट. तुमच्या डेटाऐवजी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हे शब्द समोरच्या उपकरणाला पाठवायचा. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर असला कचरा गेला तर एक वेळ चालेल, पण त्या वायरच्या टोकाला मोटर असेल तर?

जुना_खिळा: ते मात्र चूकच होतं. चोरीबद्दलचं माझं मत त्याने बदलत नाही.

आडवळण: विषय बूटलोडरचा होता हो! रॅमचा मुद्दा मान्य, यूएसबीवरून ते कळलं नसतं. पण ऐकण्यापुरतंच सिरियल हवं असेल तर जागा खाणारा हेडर नको. तीन टेस्ट पॅड (बोर्डवरचे धातूचे ठिपके) ठेवा.

जुना_खिळा: ऐकण्यापुरतं कसं? फ्लॅशमधलं एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या सेटिंग्ज) बिघडलं की बूटडिले (सुरुवातीची थांबायची मुदत) संपायच्या आत कळ दाबून ऑटोबूट थांबवायचं असतं, त्याला आरएक्स लागतेच. पॅड चालतील, पण नावं छापा: जीएनडी, टीएक्स, आरएक्स. आणि शेजारी व्होल्टेज. १.८ व्होल्टचे बोर्डही आता कमी नाहीत.

किटकिट: व्होल्टेज आधी छापा, नावं नंतर.