मदत हवी आहे : शेकापचा दाभाडी प्रबंध कुठे वाचायला मिळेल?

मंडळी, आमचे आजोबा सांगोल्याचे, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) जन्मभराचे कार्यकर्ते. गणपतराव देशमुख तिथून 11 वेळा आमदार झाले, त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. पण शेकाप म्हणजे लाल बावटा आणि साधी राहणी, एवढंच डोक्यात बसलं. विचार काय होता, ते कुणी समजावलंच नाही.

आता वाचायला घेतलंय. केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमधून बाहेर पडले, पक्ष उभा केला, 1950 साली मालेगावजवळच्या दाभाडीत मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, तोच हा दाभाडी प्रबंध. आणि 1954 मध्ये जेधे परत काँग्रेसमध्ये! माझं गाडं इथेच अडतं. जेधे तर सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीतले. जातीचा प्रश्न मांडता मांडता एकदम वर्गलढ्याची भाषा आली, ती त्यांना कितपत पटली होती?

प्रबंधाची मूळ मराठी पुस्तिका किंवा स्कॅन कुणाकडे आहे का? अलिबागकरांनो, तिथल्या 'कृषीवल' वृत्तपत्राचे पन्नाशीच्या दशकातले अंक कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील? फोटो काढू दिले तरी पुरे, पुण्याहून येईन. (निवडणुकीच्या गप्पा नकोत, प्लीज.)