देखणा उमेदवार आला की मार्क आपोआप वाढतात का?

उगाच_विचारतो: सध्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतोय. काल एक जण आला, दिसायला एकदम छान, हसतमुख, दोन प्रश्नांना चक्क गोलगोल उत्तरं दिली तरी पॅनेलवरच्या दोघांनी लिहिलं "कॉन्फिडंट आहे". त्यानंतरच्याने तशीच गोलगोल उत्तरं दिली, त्याला "तयारी नाही". हे सगळीकडे असंच चालतं का?

तिरसट: चालतं, आणि जुनं आहे. हेलो इफेक्ट म्हणतात, म्हणजे माणसाची एक गोष्ट आवडली की बाकीचंही चांगलंच वाटायला लागतं. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवलं होतं की लष्करी अधिकारी हाताखालच्यांना मार्क देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व सगळं एकाच मापाने मोजतात. पण तुझ्या केसला फिट बसतो तो १९७४ चा लँडी आणि सिगॉलचा प्रयोग. निबंध तोच, फक्त लेखिकेचा फोटो बदलला, तर सुंदर फोटोवाल्या निबंधाला जास्त मार्क, आणि गंमत म्हणजे निबंध सुमार होता तिथे फरक सगळ्यात मोठा. काम चोख असेल तर चेहरा नसला तरी भागतं, बोंब असते तेव्हाच तो धावून येतो!

रोखठोक: पण देखणी माणसं खरंच मोकळी बोलतात की, त्यात पॅनेलचा काय दोष?

शांताक्का: अहो, मोकळी बोलतात कारण समोरचा आधीच गोड बोलत असतो. १९७७ मध्ये स्नायडर वगैरे लोकांनी पुरुषांना फोनवर अनोळखी बाईशी बोलायला लावलं, हातात फोटो दिला तो दुसऱ्याच बाईचा, आणि बिचारीला फोटोचा पत्ताच नाही. ज्यांना सुंदर फोटो मिळाला ते आपुलकीने बोलले आणि पलीकडची बाईपण खुलली. नंतर नुसता तिचा आवाज ऐकणाऱ्यांनाही ती जास्त मनमिळाऊ वाटली. आता बोला.

तिरसट: +१. उलटंही होतं बरं का. १९७५ च्या एका प्रयोगात घरफोडी केलेल्या सुंदर बाईला कमी शिक्षा सुचवली, पण गोड बोलून फसवणूक केली म्हटल्यावर ती सवलत गायब.

उगाच_विचारतो: मग अर्जावरचा फोटोचा रकाना काढायला सांगू का एचआरला?

शांताक्का: सांगा, पण समोर बसल्यावर चेहरा दिसणारच ना. प्रश्न सगळ्यांना तेच ठेवा, आणि प्रत्येक उत्तर झालं की तिथल्या तिथे मार्क लिहा, तेही आपापले, एकमेकांना न विचारता. शेवटी "एकूण कसा वाटला" असं विचारलंत की संपलं, तिथे चेहराच जिंकतो.