परभणीच्या उन्हात टिकतील असे मोनोक्रिस्टलाइन सौर पॅनल कसे निवडावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परभणी शहरात आमचे स्वतःचे घर आहे आणि येत्या उन्हाळ्याच्या आत गच्चीवर ३ किलोवॅटची, महावितरणच्या ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा बसवायचे आम्ही ठरवले आहे. पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटसाठी मिळणारे ७८,००० रुपयांचे अनुदान घ्यायचे असल्यामुळे पॅनलमधले सेलसुद्धा भारतातच तयार झालेले, म्हणजे डीसीआर प्रकारचे, असावे लागतात. इथपर्यंत सगळे समजले आहे. अडचण त्यापुढची आहे.

हातात दोन कोटेशने आहेत. पहिल्या पुरवठादाराने मोनो पर्क हाफ-कट प्रकारचे (एकस्फटिकी सिलिकॉनचे, अर्धे कापलेले सेल असलेले) ५४० वॅटचे सहा पॅनल सुचवले असून त्यांची कार्यक्षमता २०.९ टक्के आहे. दुसऱ्याने जवळपास तेवढ्याच लांबीरुंदीचे, परंतु टॉपकॉन या पर्कनंतरच्या नव्या प्रकारचे, पुढेमागे काच असलेले बायफेशियल (दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारे) पॅनल दिले आहेत. ते ५७५ वॅटचे, २२.३ टक्के कार्यक्षमतेचे आहेत आणि सहा पॅनलमागे एकूण २१,००० रुपये जास्त पडतात. कार्यक्षमता जास्त असली की वीजही तितकीच जास्त मिळते, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. त्यावर विश्वास ठेवून ही रक्कम मोजावी का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

आता गच्चीविषयी. स्लॅब पूर्व-पश्चिम २६ फूट आणि दक्षिण-उत्तर ३४ फूट आहे. नैऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी असल्यामुळे हिवाळ्यात दुपारी तीननंतर त्यांची सावली ईशान्येकडे लांबवर सरकत जाते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये सासूबाईंच्या कुरडया, पापड, वर्षभराच्या मिरच्या आणि तुरीची डाळ, हे सगळे याच गच्चीवर वाळते. त्या कामाला जागा उरलीच पाहिजे, यावर घरात कोणाचेही दुमत नाही. म्हणून पॅनल डोक्यावरून जातील असे आठ फूट उंच सांगाड्यावर घ्यावेत असा विचार आहे.

दोन गोष्टींची मला खरोखर काळजी वाटते. पहिली उन्हाची. मे महिन्यात दुपारी आमच्या स्लॅबवर अनवाणी पाऊल टेकवत नाही आणि पारा ४३ अंशांवर जातो. माहितीपत्रकातले सर्व आकडे मात्र सेलचे तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. दुसरी पाण्याची. माझ्या चुलतदिरांकडे तीन वर्षांपूर्वी पॅनल बसले आणि ते दर आठवड्याला बोअरच्या पाण्याने धुतले गेले. मागच्या महिन्यात मी ते जवळून पाहिले. काचेच्या खालच्या कडेला क्षाराची पांढरी पट्टी जमली आहे आणि ती नखाने खरवडूनही निघत नाही. आमचेही पाणी त्याच जातीचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी लातूरचा असून विद्युत अभियांत्रिकी शिकवतो. घरी चार वर्षांपासून अशी यंत्रणा चालू आहे, त्या आधारावर लिहितो.

प्रथम कार्यक्षमतेचा गैरसमज दूर करायला हवा. पॅनलची कार्यक्षमता म्हणजे ठरावीक जागेत किती वॅट बसतात याचे माप आहे. १७ टक्क्यांचे जुने पॉली (बहुस्फटिकी सिलिकॉनचे) पॅनल असोत की २२ टक्क्यांचे टॉपकॉन, ३ किलोवॅट हे ३ किलोवॅटच असतात आणि दोन्हींपासून आपल्याकडे दिवसाला प्रत्येक किलोवॅटमागे सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते. पॉलीला जागा मात्र जास्त लागते. म्हणून पॅनलचा नग न पाहता वॅटमागचा दर काढावा. तुमच्या पहिल्या कोटेशनमध्ये ३.२४ किलोवॅट आहेत आणि दुसऱ्यात ३.४५. म्हणजे २१,००० रुपयांत मुख्यतः २१० वॅट अधिक मिळतात, आणि त्यातून वर्षाला साधारण ३०० युनिट. तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने त्यांना गुणून पाहा, म्हणजे ही रक्कम किती वर्षांत वसूल होते ते तुम्हालाच दिसेल. एक सावधगिरी अवश्य बाळगा. पैसे वाचवण्यासाठी ५७५ वॅटचे पाचच पॅनल घेतले, तर यंत्रणा ३ किलोवॅटच्या आत राहते आणि अनुदान पूर्ण ७८,००० मिळत नाही, थोडे कमी होते.

उन्हाबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. हवा ४३ अंशांवर असताना सेल ७० अंशांपर्यंत तापू शकतो, म्हणजे २५ अंशांच्या वर ४५ अंश. सेल तापला की त्याची क्षमता घटते; ती किती घटते हे सांगणारा 'तापमान गुणांक' या नावाचा आकडा माहितीपत्रकात असतो. पर्कसाठी तो दर अंशाला उणे ०.३५ टक्क्यांच्या आसपास आणि टॉपकॉनसाठी उणे ०.३० च्या आसपास आढळतो. त्या हिशेबाने भर दुपारी पर्कची सुमारे १६ टक्के आणि टॉपकॉनची साडेतेरा टक्के क्षमता घटते. फरक खरा आहे, पण ३ किलोवॅटमागे तो जेमतेम ७० वॅटचा आहे. पॅनलखालून वारा मोकळा खेळणे हे त्याहून मोलाचे आहे, आणि तुमचा आठ फुटी सांगाडा ते काम आपोआप करील. त्या उंचीमुळे जिन्याच्या खोलीची सावलीही पॅनलच्या पातळीखालीच राहील. उरेल ती बहुतेक टाकीची. मात्र सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) असावा आणि त्याचे पाय स्लॅबमध्ये कसे धरले आहेत ते समक्ष उभे राहून पाहावे, कारण मान्सूनपूर्व वावटळीत पॅनल उचलले गेले तर नुसती वॉरंटी उपयोगी पडत नाही.

बायफेशियलची मागची बाजू पांढऱ्या गच्चीवर अधिक कामी येते. स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग देणार असाल तरच त्या गुणासाठी पैसे मोजावेत.

गारपिटीचा विचार तुमच्या प्रश्नात राहून गेला आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत पॅनलवर २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने मारतात; आपल्याकडच्या गारा त्याहून मोठ्याही असतात. एकाच बाजूला ३.२ मिलिमीटर जाडीची टेम्पर्ड (तापवून कणखर केलेली) काच असलेले पॅनल गारांना सहसा अधिक तोंड देतात. दोन्हीकडे २ मिलिमीटरची काच असलेल्यांबाबत पुरवठादाराला हा प्रश्न थेट विचारावा.

पाण्यासाठी पावसाचे पाणी टाकीत साठवून तेच वापरणे उत्तम. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मुळीच वापरू नये, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. काच पहाटे, थंड असताना धुवावी, डिटर्जंट टाळावे आणि रबरी वायपरने पाणी लगेच निपटून काढावे, कारण पट्टी पडते ती काचेवर वाळलेल्या पाण्यामुळे.

शेवटचे, भारनियमनात किंवा वीज गेल्यावर ही ग्रिडला जोडलेली यंत्रणा बंद पडते, ऊन कितीही असले तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे. कूलर चालू राहील असा समज घरात असल्यास तो आजच दूर करावा.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

सर, आपले मनापासून आभार. कार्यक्षमता आणि वीज यांतला फरक इतक्या स्पष्टपणे मला कोणी सांगितला नव्हता. उद्या दोन्ही पुरवठादारांकडून वॅटमागचा दर, तापमान गुणांक, काचेची जाडी आणि सांगाड्याचा तपशील लेखी मागवते. गच्ची पांढरी करण्याचा खर्च टॉपकॉनच्या कोटेशनमध्ये मिळवून मगच तुलना करीन. टाकीची सावली टाळण्यासाठी पॅनल आग्नेय बाजूला सरकवले आणि पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या कडुलिंबाची सावली सकाळी नऊपर्यंत दोन पॅनलवर येत राहिली, तर चालेल का, की टाकीच वायव्येला हलवणे बरे, एवढे कृपया सांगावे.