'ऑडॅसिटी' बुडाली ती कुणाच्या चुकीने?

दर्यावर्दी: ब्रिटनची पहिली एस्कॉर्ट विमानवाहू नौका (व्यापारी जहाजांच्या ताफ्याचं रक्षण करणारी छोटी विमानवाहू) 'ऑडॅसिटी'. मुळात जर्मन मालवाहू 'हॅनोव्हर', 1940 मध्ये पकडलेली. वरचा भाग कापून सपाट डेक बसवला, त्यावर जेमतेम सहा-आठ मार्टलेट लढाऊ विमानं. हँगर (विमानं ठेवायची बंदिस्त जागा) नाहीच! दुरुस्ती उघड्यावर, रात्री झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात. सप्टेंबर ते डिसेंबर 1941, एवढंच युद्धातलं आयुष्य. तरी माझ्या मते प्रयोग शंभर टक्के यशस्वी. जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी 76 ताफ्यातली 32 पैकी फक्त दोन व्यापारी जहाजं गेली.

खारा वारा: श्रेय चुकीच्या खात्यावर टाकताय. त्या लढाईत पाच जर्मन पाणबुड्या बुडाल्या, त्यातल्या चार ताफ्याच्या रक्षक नौकांचा प्रमुख कमांडर वॉकर याच्या नौकांमुळे. रात्री विमानं उडायची नाहीत, म्हणजे अंधार पडला की ही नौका नुसतं ओझं. कॅटापल्टवरून (विमान झटक्यात फेकणाऱ्या यंत्रावरून) हरिकेन लढाऊ विमान सोडणारी जहाजं स्वस्तात पडली असती.

दर्यावर्दी: स्वस्त? ते हरिकेन एकदाच उडायचं. जमीन जवळ नसेल तर वैमानिक समुद्रात. इथे मार्टलेट परत डेकवर उतरायचं, पुन्हा उडायचं. कॉन्डॉर, म्हणजे जर्मनांची लांब पल्ल्याची टेहळणी-बॉम्बफेकी विमानं पाडली, ती काय वॉकरने? 'ऑडॅसिटी'चा वैमानिक एरिक ब्राउनने समोरून चाल करून दोन पाडली. 17 डिसेंबरला यू-131 पाणबुडी हुडकली तीही मार्टलेटने. हल्ल्यात एक वैमानिक गेला, पण पाणबुडीला पळता आलं नाही.

खारा वारा: बरं, कॉन्डॉरचं मान्य. मग 21 डिसेंबरच्या रात्री ती ताफ्याबाहेर एकटी काय करत होती?

गलबत: तिथेच खरी मेख आहे. वॉकरचं म्हणणं होतं, डाव्या बाजूला राहा. 'ऑडॅसिटी'चा कप्तान मॅकेंड्रिक त्याला ज्येष्ठ, तो उजवीकडेच गेला. वॉकरने हट्ट धरला नाही, आणि ही आपलीच चूक असं पुढे अहवालात लिहिलंही. त्यात एका व्यापारी जहाजाने घाबरून प्रकाशाचे रॉकेट सोडले, नौकेची आकृती उजेडात आली आणि यू-751 पाणबुडीने साधलं.

दर्यावर्दी: मॅकेंड्रिकलाही बाजू आहे. विमान उडवायला नौका वाऱ्याच्या दिशेने वळवावी लागते. जहाजांच्या रांगांत ते करायचं कसं?

खारा वारा: रात्री उडवायचंच नव्हतं ना! मग रात्रीपुरतं रांगांमध्ये शिरायला काय हरकत होती? पुढच्या एस्कॉर्ट विमानवाहू नौका ताफ्याच्या आत राहू लागल्याच की.