स्पेस शटल अपघातांनी संपलं की खोट जन्मापासूनचीच?

घाटमाथा:
परवा भाचा म्हणाला, "कल्पना चावलाचं यान जळलं म्हणून नासाने शटल बंद केलं ना?" बहुतेकांची समजूत हीच. पण तारखा बघा. कोलंबिया कोसळलं 1 फेब्रुवारी 2003 ला, शेवटचं शटल, अटलांटिस, उतरलं 21 जुलै 2011 ला. मध्ये 22 उड्डाणं झाली. अपघाताने बंद पडलेली गोष्ट बावीस वेळा उडते होय?

माझ्या मते शटलचा निकाल 1972 मध्येच लागला होता. नासाला हवं होतं दोन टप्प्यांचं यान, दोन्ही टप्पे पंखांवर परत येणारे. तेवढा पैसा मिळेना. मग काटछाट: इंधनाची मोठी टाकी दर खेपेला जाळून टाकायची, बूस्टर, म्हणजे बाजूची जोर देणारी रॉकेटं, समुद्रातून ओढून आणायचे. त्यात हवाई दलाचा पाठिंबा हवा, म्हणून त्यांच्या अटी मान्य. अवजड हेर-उपग्रहांसाठी 18 मीटर लांब मालकक्ष, आणि ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून तळावर परतता यावं म्हणून मोठे त्रिकोणी पंख. त्यासाठी कॅलिफोर्नियात व्हॅन्डेनबर्गला तळही बांधला. तिथून शटल एकदाही उडालं नाही. पंगत मांडली, पाहुणा आलाच नाही.

नटबोल्ट:
+1. उष्णतेपासून बचावाला अंगावर चोवीस हजारांवर सिलिकाच्या फरशा, जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीला नंबर. उतरल्यावर एकेक तपासायची, खराब झालेली हाताने बदलायची. आठवड्याला एक उड्डाण म्हणून सांगितलेलं, सर्वोत्तम वर्षात, म्हणजे 1985 मध्ये, झाली नऊ. सगळा खर्च धरून एकूण 135 उड्डाणांनी भागलं तर एक खेप दीडशे कोटी डॉलरच्या घरात जाते. दर वेळी उसवून नव्याने शिवायची असेल तर त्या गोधडीला 'पुन्हा वापरता येणारी' कशाला म्हणायचं?

उलटतपासणी:
साफ असहमत. घाटमाथाराव, तुम्ही जन्मदाखला बघून शवविच्छेदन करताय.

आधी पाहुण्याचं. हवाई दलाच्या गुप्त मोहिमा फ्लोरिडातून झाल्या की. व्हॅन्डेनबर्ग रद्द झालं ते 1986 मध्ये चॅलेंजर शटल फुटल्यानंतर.

आता मुद्दा. चॅलेंजर आणि कोलंबिया, दोन्ही वेळा यानाआधी माणसं चुकली. 27 जानेवारी 1986 च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉलचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत बूस्टरचे सांधे बंद ठेवणारी ओ-रिंग ही रबरी कडी ताठरते, उद्या उडवू नका. त्यांच्याच वरिष्ठांनी ते फिरवलं. सकाळी 73 सेकंदांत चॅलेंजर गेलं. कोलंबियाच्या वेळी टाकीवरचा फोम डाव्या पंखाला लागल्याचं दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं. इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले, व्यवस्थापनाने नको म्हटलं. चॅलेंजरनंतर बूस्टरचे सांधे नव्याने बनवले, पुढच्या 110 उड्डाणांत ते दगावले नाहीत. म्हणजे दुरुस्ती होत होती.

आणि कोलंबियाची चौकशी करणाऱ्या गेहमन समितीने 'बंद करा' म्हटलंच नव्हतं. 2010 नंतर उडवायचं असेल तर सगळी यंत्रणा नव्याने प्रमाणित करा, एवढंच म्हटलं. जानेवारी 2004 मध्ये बुश यांनी ठरवलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पूर्ण करून शटल निवृत्त करायचं आणि तो पैसा चंद्राकडे वळवायचा. चंद्राचा कॉन्स्टेलेशन कार्यक्रम 2010 मध्ये ओबामांनी गुंडाळला. शटल गेलं, चंद्रही गेला. मे 2020 पर्यंत अमेरिकेला आपली माणसं पाठवायला रशियाच्या सोयुझ यानाची तिकिटं काढावी लागली.

सुमेधा_क:
कोलंबिया कोसळलं तो शनिवार होता. संध्याकाळच्या बातम्यांत आकाशात पांढऱ्या रेघा फुटत जाताना दाखवत होते. आईने टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा बंद केला. फोटो नाकारले होते हे मला आज कळलं.

घाटमाथा:
उलटतपासणी, पाहुण्याचं मान्य. तो दुसऱ्या दाराने जेवून गेला. पंख वाढवले त्या ध्रुवीय उड्डाणासाठी मात्र कधीच आला नाही.

पण दुरुस्ती होत होती म्हणता, तर जुलै 2005 चं डिस्कव्हरी आठवा. अडीच वर्षं फोमवर काम करून उडवलं आणि टाकीवरून पुन्हा मोठा तुकडा निसटला. पुन्हा वर्षभर उड्डाणं थांबली. कारण यान टाकीच्या कुशीला बांधलेलं. वरून काहीही पडलं तर अंगावरच. कॅप्सूल टोकावर बसते, तिच्यावर पडायला वर काही नसतंच. आणि उड्डाणात बिनसलं तर सोयुझला रॉकेटपासून ओढून काढणारी यंत्रणा आहे. 1983 मध्ये तिने दोघांना वाचवलं. शटलमध्ये पहिल्या चार उड्डाणांनंतर माणसाला बाहेर फेकून वाचवणाऱ्या इजेक्शन सीटसुद्धा चालू राहिल्या नाहीत. वाईट व्यवस्थापक सगळीकडे असतात हो. त्यांची चूक पोटात घालायला यानात जागा हवी.

नटबोल्ट:
अवांतर: सोव्हिएतांचं शटल बुरान 15 नोव्हेंबर 1988 ला एकदाच उडालं, तेही माणसांविना, आणि आपलं आपण उतरलं. मग देशच राहिला नाही. 2002 मध्ये बैकानूरला हँगरचं छत कोसळलं, त्याखाली तेच यान चिरडलं.

उलटतपासणी:
यान कुशीला बांधलेलं, हा मुद्दा बिनतोड. तिथे माघार.

पण महाग म्हणून बंद केलं हे मला पटवू नका. हबल दुर्बीण पाच वेळा अंतराळात जाऊन दुरुस्त केली ती शटलनेच. आता चंद्रासाठीचं एसएलएस रॉकेट बघा. त्याच्या तळाशी शटलचीच इंजिनं आहेत. 2022 च्या आर्टेमिस-1 या त्याच्या पहिल्या उड्डाणाला लावलेली चारही आधी शटलवर उडून आलेली, परत परत वापरलेली. ती या वेळी समुद्रात टाकून दिली. गोधडीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हाही मांडावा.